विचारणारं कुणीतरी

मागच्या महिन्यात नांदेडहून लातूरला गेलो होतो. लोहा, अहमदपूर, चाकूर... एसटीच्या खिडकीशी बसून जायला मला अजूनही आवडतं. काम एका क्लासचं होतं. (नाव विचारू नका, लातुरात क्लास काय एकच आहे का!)

तर झालं असं की सरांचा तास कॅमेऱ्यातून चार हॉलमध्ये थेट दाखवत होते. तास सुरू झाला की ऑफिसचं नेट रखडायचं, वायफाय मेलेलं, हजेरीचं मशीन गप्प. सगळे नेटवाल्याला शिव्या देत होते.

कारण वेगळंच होतं. चित्र मल्टिकास्टने जात होतं. म्हणजे पाठवणारा एकदाच पाठवतो, २३९ ने सुरू होणाऱ्या एका गटाच्या पत्त्यावर. ज्याला हवं त्याने गटात यावं. स्टीव्ह डिअरिंग यांनी १९८९ च्या आरएफसी १११२ मध्ये हे मांडलं. पण गटात कोण आहे हे साध्या स्विचला कळत नाही, म्हणून तो सगळ्याच पोर्टवर सोडून देतो. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडल्यासारखंच हे! वायफायवर तर मल्टिकास्ट सहसा अगदी संथ वेगाने जातं, त्यामुळे तिथे कोंडी जास्त.

उपाय ठरलेला, आयजीएमपी स्नूपिंग. कुठल्या पोर्टवरून कोण गटात आलं हे स्विच ऐकून ठेवतो आणि तिथेच पाठवतो. चालू केलं, ऑफिसचं नेट परत आलं, मी चहा मागवला. चहा संपतोय तोवर चारही हॉलमधलं चित्र गोठलं! बंद करून चालू केलं की येई, आणि सव्वाचार मिनिटांनी पुन्हा गुल.

तासाभराने डोक्यात उजेड पडला. कुणाची खबर आली नाही तर स्विच त्याची नोंद २६० सेकंदांनी पुसतो. त्याच्या आत कुणीतरी "अजून आहात का?" असं विचारायला हवं, मग हॉलमधली यंत्रं "आहोत" म्हणतात. हे काम एरवी राऊटर करतो, पण इथल्या राऊटरवर मल्टिकास्ट चालूच नव्हतं. मुख्य स्विचवर क्वेरिअर चालू केला. तो दर १२५ सेकंदांनी विचारतो. दोन हाका वाया गेल्या आणि उत्तराचे १० सेकंदही सरले, तरच नाव कटतं.

परतताना आई आठवली. दर रविवारी नांदेडहून आम्हा सगळ्या भावंडांना तिचा फोन. "जेवलास का? पोळ्याला येणार का?" आम्ही कंटाळून "हो गं, बरंय" म्हणायचो. दर वेळी तेच काय विचारायचं, असं वाटायचं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. भांडण कुणाचं कुणाशी झालं नाही. फक्त विचारणारं कुणी राहिलं नाही. पुतणी दहावी पास झाली, हे मला शेजाऱ्याकडून कळलं.

अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा धाकट्याला फोन लावला.

"काय झालं रे दादा?" तो घाबरलाच.

"काही नाही. जेवलास का?"

थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आई झालास की काय तू?"

असो. या रविवारी बाकीच्यांचा नंबर. नातेवाईकांपैकी जे कुणी हे वाचत असतील त्यांनी फोन उचलावा, ही विनंती!