बागेचे स्थलांतर आणि मधली सहा वर्षे

शहराच्या विकास योजनेत, म्हणजे पुढील सुमारे वीस वर्षांत कोणती जमीन कशासाठी वापरली जाईल हे ठरवणाऱ्या वैधानिक नकाशात, बाग हिरव्या रंगाने दाखवली जाते, आणि एकदा तो रंग भरला की त्या जमिनीची ओळख क्षेत्रफळ, आरक्षण क्रमांक आणि चतुःसीमा एवढ्यापुरती उरते. कायद्याच्या कामकाजाला ही ओळख पुरते. परंतु शेजारच्या जमिनीवर मोठा प्रकल्प उभा राहायचा असतो आणि छोटी बाग त्याच्या वाटेत येते, तेव्हा तेवढ्याच चौरस मीटरचा हिरवा चौकोन नकाशावर अन्यत्र काढला की बाग हलवली गेली आणि कोणाचे काही गेले नाही, असे मानण्याची सवय नगररचनेच्या व्यवसायात खोल रुजलेली आहे. या हिशेबात जागा मोजली जाते, पण जुनी बाग बंद झाल्यापासून नवी बाग खऱ्या अर्थाने वापरात येईपर्यंतचा काळ कोणत्याच रकान्यात धरला जात नाही, आणि बागेच्या स्थलांतरातील सर्वांत मोठी हानी बहुधा याच काळात होते.

महाराष्ट्रात अशा स्थलांतराचा नेहमीचा मार्ग महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३७ मधून जातो. मंजूर विकास योजनेचे मूळ स्वरूप बदलणार नाही इतपत केलेल्या बदलाला तेथे किरकोळ फेरबदल म्हटले आहे. त्यासाठी नियोजन प्राधिकरण, म्हणजे सामान्यतः महानगरपालिका किंवा नगरपरिषद, राजपत्रात सूचना प्रसिद्ध करते, एक महिन्याच्या मुदतीत हरकती व सूचना मागवते, बाधित व्यक्तींना सुनावणी देते आणि प्रस्ताव राज्य शासनाच्या मंजुरीसाठी पाठवते. याखेरीज मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत आयुक्तांना संबंधित व्यक्तींच्या संमतीने आरक्षण त्याच किंवा लगतच्या जमिनीवर सरकवण्याची मुभा होती, आणि तिची एक प्रमुख अट आरक्षणाचे क्षेत्र कमी होऊ नये ही होती. या तरतुदीतील संबंधित व्यक्ती म्हणजे व्यवहारात जमिनीचे मालक असतात. रोज सकाळी त्या बागेत चालणारी वृद्ध स्त्री किंवा शाळा सुटल्यावर तेथे खेळणारा मुलगा यांचा त्या जमिनीत कोणताही नोंदलेला हितसंबंध नसल्यामुळे त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यास स्थलांतराला होणारा सरसकट विरोधही तितकाच उथळ ठरतो. केवळ आरक्षित असलेली, अद्याप संपादित न झालेली आणि प्रत्यक्षात कुंपण घातलेल्या पडीक भूखंडाच्या रूपात असलेली बाग आणि कित्येक वर्षे वापरात असलेली बाग या दोन निराळ्या वस्तू आहेत. पहिलीच्या बाबतीत कलम १२७ ची टांगती तलवार असते. योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरच्या विहित मुदतीत, जी २०१५ च्या दुरुस्तीने २४ महिने झाली, संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने संपते. अशा कागदावरच्या बागेला लगतच्या, मोकळ्या आणि ताब्यात मिळू शकणाऱ्या जमिनीवर हलवणे हा तिला वाचवण्याचा मार्ग असू शकतो, आणि तेथे हटवादी विरोध करणारे कधी कधी बागेचेच नुकसान करतात. नाल्याच्या पूररेषेत अडकलेली किंवा चारही बाजूंनी इमारतींच्या पाठी आलेली बागही हलवण्याजोगी असू शकते. पुढील विवेचन दुसऱ्या प्रकाराविषयी, नांदत्या बागेविषयी आहे.

नांदती बाग हलवण्याची मागणी का होते हे समजून घेणे अवघड नाही. मोठ्या प्रकल्पाला अखंड भूखंड आणि मुख्य रस्त्यावर दर्शनी बाजू हवी असते, आणि दोन भूखंडांच्या मधोमध किंवा नाक्यावर असलेली बाग या दोन्ही गोष्टींत अडसर ठरते. ती हलली की भूखंडांचे एकत्रीकरण होते आणि चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणारे प्रमाण, अधिक सोयीने वापरता येते. बदल्यात दिली जाणारी जागा बहुतेक वेळा त्याच संकुलाच्या मागील बाजूस असते. नाक्यावरची बाग येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते, तिच्यावर रस्त्याची नजर राहते आणि कोणीही सहज आत शिरतो, तर संकुलाच्या पोटात गेलेली बाग सातबाऱ्यावर सार्वजनिक असली तरी तिच्या वाटेवरचा सुरक्षारक्षक आणि आखीव फरसबंदी परक्या माणसाला बाहेरच थांबवतात.

या सर्व प्रश्नांचा एकत्रित पट पाहण्यासाठी न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स या भागातील मॅकूम्ब्ज डॅम पार्कचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे, कारण तेथे कायद्याचे संरक्षण महाराष्ट्राहून बरेच कडक होते आणि तरीही मधला काळ कोणाला राखता आला नाही. १८९९ पासून लोकांच्या वापरात असलेली ही बाग यांकी स्टेडियम या प्रसिद्ध बेसबॉल क्रीडागाराच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे होती. जून २००५ मध्ये नवे क्रीडागार याच बागेवर आणि लगतच्या मलाली पार्कच्या काही भागावर बांधण्याची योजना जाहीर झाली आणि राज्याच्या विधिमंडळाने त्याच महिन्यात मंजुरी दिली. सुमारे २२ एकर हिरवी जमीन त्यात गेली. सेंट्रल पार्कच्या ८४३ एकरांपुढे हा आकडा लहान दिसतो, पण तो आजूबाजूच्या दाट आणि गरीब वस्तीचा मोठा आधार होता.

विधिमंडळाची मंजुरी लागली यामागे न्यूयॉर्कमधील सार्वजनिक न्यासाचा सिद्धांत आहे. बागेची जमीन नगरपालिकेच्या नावावर असली तरी ती लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केलेली असते, आणि म्हणून विधिमंडळाच्या स्पष्ट संमतीशिवाय ती अन्य कामाला वापरता येत नाही, असे हा सिद्धांत सांगतो. २००१ मध्ये तेथील सर्वोच्च राज्य न्यायालयाने व्हॅन कॉर्टलँड पार्कच्या प्रकरणात हा सिद्धांत आणखी पुढे नेला. त्या बागेखाली जलशुद्धीकरण केंद्र बांधायचे होते आणि बांधकामानंतर वरची जमीन पूर्ववत होणार होती, तरीही मधली काही वर्षे लोकांना बागेचा तो भाग वापरता येणार नाही एवढ्या कारणानेही विधिमंडळाची संमती आवश्यक ठरली. बागेच्या कायद्यात काळाला स्वतंत्र हानी मानणारा असा निर्णय विरळा आहे, आणि भारतीय नगररचनाकारांनी त्याचा जितका अभ्यास करायला हवा तितका तो होत नाही.

मॅकूम्ब्ज डॅम पार्कला दुसरेही संरक्षण होते. या बागेसाठी पूर्वी संघराज्याच्या भूमी व जलसंधारण निधीतून पैसा आला होता, आणि त्या निधीच्या कायद्यानुसार अशी बाग अन्य वापरास द्यायची असेल तर किमान तेवढ्याच बाजारमूल्याची आणि उपयुक्तता व स्थान या दोन्ही दृष्टींनी वाजवीपणे समतुल्य अशी पर्यायी जागा द्यावी लागते. उपयुक्तता आणि स्थान हे दोन शब्द केवळ क्षेत्रफळावर थांबणाऱ्या आपल्या नियमाच्या पुष्कळ पुढे जाणारे आहेत. प्रत्यक्षात मात्र ऑगस्ट २००६ मध्ये बागेवर बांधकाम सुरू झाले, चारशेच्या आसपास मोठी झाडे गेली, एप्रिल २००९ मध्ये नव्या क्रीडागारात सामने सुरू झाले, आणि जुन्या क्रीडागाराच्या जागी व्हायची मैदाने एप्रिल २०१२ मध्ये लोकांसाठी उघडली. जुने क्रीडागार नवे तयार होईपर्यंत पाडता येत नव्हते आणि ते पाडल्याशिवाय मैदाने होत नव्हती, म्हणजे हा विलंब अपघाताने आला नव्हता, कामाच्या क्रमातच तो लिहिलेला होता. २००६ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल २०१२ मध्ये सोळा वर्षांचे झाले, आणि त्या वयाच्या मुलाला त्याची बाग परत मिळाली असे म्हणता येत नाही.

पर्यायी जागाही एकसंध नव्हती. धावमार्ग आणि त्याच्या मधले मैदान वाहनतळाच्या छपरावर गेले. टेनिसची मैदाने हार्लेम नदीच्या काठावरील मिल पाँड पार्कमध्ये गेली, जो भाग वस्तीपासून द्रुतगती महामार्गाने तुटलेला आहे. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर आणि पायी जाताना पडणारे अंतर यांतील तफावत येथे स्पष्ट दिसते. नगररचनेत पाच मिनिटांची चाल म्हणून साधारण ४०० मीटर धरले जातात, परंतु ते अखंड पदपथावरून निरोगी प्रौढाने चालण्याचे माप आहे. वाटेत सहा पदरी रस्ता किंवा जिना आला की ज्येष्ठ नागरिकांसाठी आणि आईचे बोट धरून चालणाऱ्या मुलांसाठी तीच जागा आवाक्याबाहेर जाते.

छपरावरच्या बागेचा प्रश्न मुंबईला अधिक जवळचा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दादरमधील गिरणीच्या जागेवरील एका प्रकल्पाच्या प्रकरणात, तेव्हाच्या नियमावलीनुसार मोठ्या भूखंडात सोडावयाची किमान मनोरंजनाची मोकळी जागा प्रत्यक्ष जमिनीवरच असली पाहिजे, ती पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या मजल्यांवरील उंच चौथऱ्यावर, ढकलता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यामागचे तथ्य कोणत्याही माळ्याला ठाऊक असते. एक मीटर खोलीच्या पाण्याने भिजलेल्या मातीचे वजन दर चौरस मीटरला जवळपास दोन टन भरते, त्यामुळे छपरावर मातीचा थर बेताचाच ठेवला जातो आणि त्यात हिरवळ, झुडपे आणि मोजकी छोटी झाडे जगतात. वड, चिंच किंवा कडुनिंब यांना लागणारी खोली आणि पसारा तेथे मिळत नाही. जमिनीवरची बाग पाणीही मुरवते. चार हजार चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे एक एकराच्या बागेवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, जे मुंबई-कोकणाला नवलाचे नाही, तर चार लाख लिटर पाणी उतरते, आणि त्यातील जे मातीत जिरत नाही ते गटारातून शेजारच्या सखल रस्त्यावर येते.

झाडांच्या पुनर्रोपणाचे आश्वासन अशा प्रत्येक प्रस्तावात असते. झाड हलवताना खोडाच्या व्यासाच्या साधारण दहा ते बारा पट व्यासाचा मातीचा गड्डा मुळांसकट उचलावा लागतो, त्यापूर्वी काही महिने टप्प्याटप्प्याने मुळांची छाटणी करून नवी तंतुमुळे फुटू द्यावी लागतात, आणि हलवल्यावर किमान दोन-तीन उन्हाळे पाणी, आधार आणि लक्ष द्यावे लागते. वड, पिंपळ, उंबर या कुळातील झाडे पुष्कळदा तग धरतात. जुनी, खोल मुळांची इतर बरीच झाडे धरत नाहीत. राज्याच्या १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आणले. वयाला अशी किंमत मिळाली हे स्वागतार्ह आहे, परंतु साठ रोपे मिळून साठ वर्षांची सावली होत नाही, आणि ती रोपे वाढेपर्यंत उन्हात उभे राहणारे लोक आजचे असतात.

या लोकांना बोलण्याचा हक्क आहे हे भारतीय न्यायालयांनी पूर्वीच मान्य केले आहे. बंगळुरूच्या राजमहाल विलास विस्तारात बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी देण्यात आली तेव्हा तेथील रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची दाद मागण्याची पात्रता मान्य करून ते वाटप बेकायदा ठरवले. रुग्णालयही लोकोपयोगी असते हा युक्तिवाद त्या प्रकरणात टिकला नाही, कारण एका सोयीच्या जागी दुसरी सोय ठेवल्याने पहिलीची गरज नाहीशी होत नाही. जेथे बागेच्या बदल्यात बागच दिली जाते तेथे हा युक्तिवाद अधिक गोड रूप घेऊन येतो, आणि म्हणूनच तेथे अधिक बारकाईने पाहावे लागते.

पॅट्रिक गेडिस, ज्यांनी १९१५ नंतर भारतातील अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र शिकवले, जुन्या वस्तीत हात घालताना शल्यकर्माइतकी काटकसर बाळगण्याचा आग्रह धरत असत आणि झाडाखालच्या छोट्या मोकळ्या जागांना फार जपत असत. त्या आग्रहाला आजच्या नियमावलीत उतरवणे अवघड नाही. कलम ३७ खालील सूचनेसोबत जो नकाशा प्रसिद्ध होतो त्यावर जुन्या आणि नव्या जागेच्या क्षेत्रफळाशेजारी आणखी काही नोंदी बंधनकारक करता येतील: नवी जागा प्राधिकरणाच्या ताब्यात आल्याची तारीख, तेथे लोकांना प्रवेश सुरू झाल्याची तारीख, जुन्या बागेच्या प्रत्येक प्रवेशद्वारापासून नव्या प्रवेशद्वारापर्यंतचे पायी अंतर वाटेतील रस्त्यांसह, आणि नवी जागा जमिनीवर आहे की छपरावर. यांपैकी दुसरी तारीख भरल्याखेरीज जुन्या जागेवरील बांधकामाला प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करण्याची लेखी परवानगी, देऊ नये. असे केल्यास बांधकाम लांबेल आणि विकासकाचा व्याजाचा बोजा वाढेल ही हरकत खरी आहे. पण विलंबाचा तो बोजा आज बागेत येणारी मुले आणि वृद्ध उचलत आहेत, आणि प्रकल्पाच्या ताळेबंदात त्यांच्यासाठी कुठलाच रकाना नाही.