उन्हात अंडं शिजत नाही

पुणे, 12 मे

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

नागपुरात महाल भागातल्या आपल्या घरी तू एकटा राहतोस, अभ्यास सांभाळतोस, आणि आता डबा बंद करून स्वतः रांधायचं ठरवलंस, हे तुझ्या आईने सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. सुरुवात कशाने करू, असं तू विचारलंस. उकडलेल्या अंड्याने कर. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवरचं बोलणं ओट्याशी उभं राहिल्यावर आठवत नाही. म्हणून हे पत्र. फ्रिजच्या दारावर लावून ठेव.

ओट्याखाली डाव्या हाताला छोटा गंज आहे, तो घे. अंडी बुडून वर दोन पेरं राहील इतकं पाणी घाल. अंडी अजून घालू नकोस. ती फ्रिजमधून काढून बाहेर ठेव, म्हणजे गार अंड्याला उकळत्या पाण्यात तडा जाण्याचा धोका कमी होतो. पाण्याला खळखळून उकळी आली की आच मध्यम कर, मोठ्या डावाने एकेक अंडं अलगद तळाशी सोड आणि तेव्हा घड्याळ बघ.

पुष्कळ जण थंड पाण्यातच अंडी घालून गॅस लावतात. ती पद्धत चुकीची नाही, पण नागपुरात मला ती भरवशाची वाटत नाही. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेववत नाही, आणि डिसेंबरात त्याच नळाखाली बोटं आखडतात. या शहराने मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिलेत आणि डिसेंबर 2018 मध्ये 3.5. तेव्हा नळाचं पाणी उकळायला कधी कमी वेळ लागणार, कधी जास्त, आणि तेवढा वेळ अंडं आत शिजतच असणार. हिशोब बसायचा कसा? उकळतं पाणी मात्र बारा महिने तेच. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी साधारण 99 अंशांना उकळतं. मित्रांबरोबर चिखलदऱ्याला गेलास आणि तिथे अंडी उकडलीस, तर एखादं मिनिट वाढव. तिथली उंची हजार मीटरच्या वर असल्यामुळे पाणी 96 अंशांच्या जवळपासच उकळतं.

सहा-सात मिनिटांत पांढरं घट्ट होतं आणि पिवळं वाहतं राहतं. नऊ मिनिटांत पिवळं मऊ, ओलसर बसतं. अकरा-बारा मिनिटांत पूर्ण घट्ट. गावरान अंडं लहान असतं, त्याला मिनिटभर कमी चालतं. उन्हाळ्यात तू पूर्ण घट्टच कर. अंड्यातून पोटात जाणारे साल्मोनेला जंतू असलेच, तर 71 अंशांना मरतात, आणि वाहत्या पिवळ्यापर्यंत तेवढी उष्णता पोचलेलीच नसते.

आता जरा आत काय होतं ते समजून घे, म्हणजे मिनिटं पाठ करावी लागणार नाहीत. पांढरं साधारण 62 अंशांना आळायला लागतं. पिवळं 65 ते 70 च्या दरम्यान घट्ट होतं. पांढऱ्यातलं सगळ्यात मुबलक प्रथिन 80 च्या पुढे गेल्याशिवाय नीट बसत नाही. 30 मे 2024 ची बातमी तुला आठवत असेल. नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. पुढे हवामान खात्याने यंत्रातच बिघाड असल्याचं सांगितलं. पण समज, ते 56 खरे असते, तरी त्या हवेत अंडं शिजलं नसतं. आपल्या उन्हात अंडं शिजत नाही, नासतं. शिजायला 62 अंश लागतात आणि जंतूंना वाढायला त्याहून कितीतरी कमी उष्णता पुरते. मे महिन्यातलं आपलं स्वयंपाकघर नेमकं त्या मधल्या पट्ट्यात असतं. माझं सगळं सांगणं खरं तर इथेच येऊन थांबतं. उकडणं तुला दोन दिवसांत जमेल, पण गॅस बंद केल्यानंतरच्या कामाकडे नीट लक्ष दे.

गॅस बंद केला म्हणून अंडं शिजायचं थांबत नाही. कवचाजवळची उष्णता आत शिरतच राहते. म्हणून ते लगेच गार पाण्यात टाकायचं. आता तू नळ सोडशील, आणि दुपारच्या वेळी त्यातून येणारं पाणी काही गार करणार नाही. माठातलं पाणी घे. विदर्भातली उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून माठाच्या अंगावरचं पाणी भराभर उडतं आणि आतलं गार होतं. दमट मुंबईत माठाला ही करामत इतकी साधत नाही. पण अंडी माठात बुडवू नकोस, ते प्यायचं पाणी आहे. ओगराळ्याने पातेल्यात काढ, असेल तर बर्फ टाक, आणि पाणी कोमट झालं की बदल. दहा मिनिटं तरी अंडी त्यात राहू दे.

अंडं जास्त वेळ उकडलं किंवा गार करायला उशीर केला, तर पिवळ्याभोवती हिरवट करडं कडं धरतं. पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन ते होतं. खायला अपाय नाही, पण वास उग्र येतो आणि पिवळं भुसभुशीत होतं.

सोलताना बोथट टोकाकडून सुरुवात कर. तिथे हवेची पोकळी असते, कवच तिथे सहज सुटतं. तुझ्या आईने गोंदियाहून पाठवलेली गावरान अंडी मात्र आल्या दिवशी उकडू नकोस, ऑमलेटला वापर. अगदी ताजं अंडं सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यांतून दिवसेंदिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, पांढऱ्याचा आम्लपणा घटतो आणि आतला पापुद्रा सैल होतो. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेलं अंडं म्हणूनच सुरेख सोललं जातं. आणल्याबरोबर सगळी अंडी धुऊनही ठेवू नकोस. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो धुतला जातो. उकडायच्या आधी धू, आणि कच्चं अंडं हाताळल्यावर हात साबणाने धू.

दुकानातली अंडी किती दिवसांची आहेत याचा संशय आला, तर पाण्यात सोडून बघ. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं पण खाण्यासारखं. वर तरंगलं तर टाकून दे, हळहळू नकोस.

उकडलेली अंडी उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर राहू देऊ नकोस. सकाळी उकडून बॅगेत टाकली आणि दुपारी वाचनालयात खाल्ली, असं मुळीच नको. कवचासकट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेव, तीन-चार दिवसांत संपव. दुपारभर वीज गेली आणि फ्रिज आतून कोमट झाला, तर ती खाऊ नकोस.

शेजारच्या काकू म्हणतील, उन्हाळ्यात अंडं गरम पडतं. त्यांचं मन मोडू नकोस, पण खाणं सोडूही नकोस. एका अंड्यात सहा ग्रॅम तरी चांगल्या प्रतीची प्रथिनं असतात, रात्र रात्र जागणाऱ्या मुलाला ती हवीतच. सोबत काकडी, दही घे, पाणी भरपूर पी. आपल्या राज्याच्या आदिवासी भागात, गडचिरोलीत आणि मेळघाटातही, अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतल्या लेकरांना आठवड्यातून चार दिवस अंडं द्यायचं ठरलं आहे. न खाणाऱ्यांना केळी. मला ही योजना फार मोलाची वाटते. उकडलेलं अंडं स्वतःच्या कवचात येतं, त्यात पाणी घालता येत नाही, भेसळ करता येत नाही, आणि लेकराच्या हातात पडलं की ते पूर्ण त्याचंच असतं.

हात बसला की सावजी रस्सा कर. आपल्याकडच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतला तो झणझणीत रस्सा नागपूरची ओळख झाला आहे. मसाला फडताळात वरच्या डब्यात आहे. तेल सुटेपर्यंत तो परतायला घाई करू नकोस. अंडी मात्र आधी उकडून, सोलून, उभ्या चिरा देऊन ठेव आणि रस्सा तयार झाल्यावरच शेवटच्या पाच मिनिटांसाठी सोड. आधी टाकलीस तर चिवट होतील. वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, भुरभुर. भाकरी तुला अजून येत नाही, कोपऱ्यावरच्या बाईंकडून घे. ती मी जूनमध्ये परत आले की शिकवते.

तुझी,
मावशी