खर्डा

लेखनाच्या पहिल्या कच्च्या मजकुराला मराठीत खर्डा म्हणतात आणि हिरव्या मिरच्या, लसूण, मीठ एकत्र रगडून जे होतं त्यालाही खर्डाच म्हणतात. कोल्हापूरकडचा खर्डा खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढतो, कागदावरचा लिहिणाऱ्याच्या. शिवाय मिरच्या एकदा ठेचल्या की भागतं. कागदावरचा खर्डा पाच-पाच वेळा ठेचावा लागतो आणि तरी छापून आल्यावर एखादी मिरची अख्खी सापडतेच.

लोकांना हे ठाऊक नसतं. "तुम्हाला बरं बुवा सुचतं!" असं आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यात गाठून म्हणतात. माणसाला शिंक येते तसा लेखकाला लेख येतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. गवयाचं तसं नाही. त्याचा रियाज पहाटे पाचपासून सगळी चाळ ऐकत असते, त्यामुळे पुढे तो चांगला गायला लागला तर त्याचे कष्ट चाळीला मान्य असतात. लेखकाचा रियाज मुका. तो ऐकू येत नाही, फक्त साठत जातो.

किती साठतो, ते वाशीच्या आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला तेव्हा कळलं. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, तेव्हा माळा रिकामा करणं आलं. माळ्यावरून तीन पोती खाली आली.

"हे सगळं छापून आलेलं?" सौ.नी विचारलं.

"नाही. हे टाकलेलं."

"मग छापून आलेलं कुठं आहे?"

मी बुटाचं खोकं दाखवलं. तिनं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा पोत्यांकडे. इतकी वर्षं तिनं तांदूळ निवडले, पण तांदूळ मूठभर आणि खडे तीन पोती, असा माल तिच्या सुपात कधी आला नव्हता.

मी बचाव मांडला. म्हटलं, अगं, मोठमोठ्यांचं असंच असतं. अर्नेस्ट हेमिंग्वेनं १९५८ साली छापून आलेल्या एका मुलाखतीत सांगितलं, की 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान त्यानं एकोणचाळीस वेळा लिहिलं. पुढे २०१२ साली त्या कादंबरीची जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात त्याचे निरनिराळे शेवट छापले, ते सत्तेचाळीस भरले! म्हणजे त्यानं स्वतःचे कष्ट आठांनी कमीच सांगितले होते.

"त्याची कादंबरी होती," ती म्हणाली. "तुमची गोष्ट साडेतीन पानांची."

मग मी रवींद्रनाथांकडे वळलो. ते खोडलेल्या ओळी नुसत्या खोडत नसत. त्या खाडाखोडीला रेघा जोडून तिचे पक्षी, चेहरे, चमत्कारिक प्राणी करत. त्या नादातून पुढे ते चित्रकार झाले आणि १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. हिनं पोत्यातलं एक पान उपसून उजेडाला धरलं. माझ्या खाडाखोडीत तिला पक्षी दिसला नाही. चहाच्या कपाचा गोल डाग मात्र दिसला, आणि तो कुठल्या कपाचा, हेही तिनं ओळखलं.

तुकोबांचं नाव मी काढलंच नाही. त्यांच्या वह्या इंद्रायणीनं तेरा दिवसांनी कोरड्या परत केल्या अशी कथा आहे. साभार परत आल्यामुळे लेखकाला आनंद झाल्याचा मराठीतला तो बहुधा एकच प्रसंग असावा. माझी पोती वाशीच्या खाडीत सोडली तर खाडी ती ठेवून घेईल, याबद्दल मला शंका नाही. ती काहीही ठेवून घेते.

'साभार परत' या दोन शब्दांनी मराठी लेखकांच्या किती पिढ्या घडवल्या, याचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडलं, पण श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाबद्दल लेखक अजून बोलतात. कथा नुसती नाकारायची नाही, ती कुठं सैल पडली ते पत्रानं कळवायचं आणि पुन्हा लिहायला बसवायचं, ही त्यांची रीत. स्वतःच्या लेखनातला खडा स्वतःला दिसत नाही. दुसऱ्याच्या दाताखाली तो कचकन येतो.

आणि खर्डे काय लेखकच करतो? आमचं नवी मुंबई हे शहरच मुळी मुंबईचं पुनर्लेखन आहे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि समास सोडून, सेक्टरचे परिच्छेद पाडून शहर लिहायला घेतलं. राज्य सरकारच्या मुख्य कचेऱ्या इकडे येतील हा त्यातला महत्त्वाचा परिच्छेद, तो पक्क्या प्रतीत गळाला. मंत्रालय अजून तिकडेच आहे. खाडीवरच्या पुलाचं तेच. १९७३ साली पहिला झाला, पंचवीस वर्षं व्हायच्या आत, १९९७ साली दुसरा बांधावा लागला. आता तर तिसराही झाला. पुलाचे खर्डे झाले तर ती प्रगती, आणि माझे झाले तर पसारा!

हे मी बोललो नाही. पोतं उघडून बसलो.

एका गोष्टीची पहिलीच ओळ अकरा वेळा लिहिलेली सापडली. पहिल्या खर्ड्यात सूर्य अस्ताचलाकडे निघाला होता. तिसऱ्यात तो साधाच मावळत होता. पाचव्यात सूर्य नाही, नुसती उदास संध्याकाळ. सातव्यात उदासी गेली. छापील गोष्टीत एवढंच उरलं, की दिवे लागले होते. त्यानंतरच्या कुठल्याच गोष्टीत माझा सूर्य अस्ताचलाला गेलेला नाही. तो त्या पोत्यातच मावळला. हे एवढं कळायला अकरा कागद लागले, आणि मला ते महाग वाटत नाहीत.

"हे काय आहे?" हिचा आवाज वेगळा आला म्हणून मी वर पाहिलं.

तिच्या हातात सात पानं होती. वाशीला लोकल १९९२ साली आली. त्याआधीच्या दिवसांतली, खाडी ओलांडणाऱ्या बसच्या रांगेतली माझी एक गोष्ट होती. तिच्या खर्ड्यात रांगेत एक म्हातारा होता. उन्हात उभा राहून पिशवीतला डबा सारखा चाचपणारा, मागच्या प्रत्येकाला "आपण पुढं व्हा, मला घाई नाही" म्हणणारा, आणि त्यामुळे तीन बस चुकवणारा. ते आमचे नाना. दादरहून आमच्याकडे यायचे, डब्यात हिच्यासाठी खरवस असायचा. याच घरात ते गेले.

गोष्टीतून मी त्यांना काढलं होतं. ते आले की गोष्ट थांबायची, रांगेसारखी. काढल्यावर ती चालायला लागली आणि छापूनही आली. आज लिहिली तरी मी ती पानं काढीन.

ही स्टुलावर उभी राहून सातही पानं वाचत होती. वाचून झाल्यावर उतरली.

"हे पोत्यात कसं?"

"गोष्टीत बसत नव्हतं."

ती काही बोलली नाही. बुटाच्या खोक्याचं झाकण काढलं, छापील कात्रणांवर ती सात पानं ठेवली आणि खोकं बंद होईना तेव्हा वरून सुतळी बांधली.

संध्याकाळी रद्दीवाला आला. चौतीस किलो भरलं. दोन-चार कागद उलटेपालटे करून तो म्हणाला, "साहेब, हातानं लिहिलेल्याला भाव कमी पडतो." मला ते नवीन नव्हतं. पण ही पदर खोचून पुढे झाली.

"कमी का म्हणून? एकेक पान पाच-पाच वेळा लिहिलेलं आहे!" ती म्हणाली, आणि किलोमागं दोन रुपये वाढवून घेतले.