रंगखात्यातले नाना

नालासोपाऱ्याहून दादरला जायचं तर माणूस आधी उलटा विरारला जातो. रिटर्न मारल्याशिवाय बसायला जागा नाही. २०१४ च्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ असा रोज उलटा जायचा, टाटा हॉस्पिटलात किरणांचा शेक घ्यायला. मेंदूत गाठ, ग्लायोब्लास्टोमा. सहा आठवड्यांत तीस शेक, आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या कॅप्सूल, रिकाम्या पोटी.

माझी रजा पहिल्याच आठवड्यात संपली. पुढचे पाच आठवडे त्याला शेजारच्या नानांनी नेलं. सत्तरी उलटलेला माणूस. अपंगांच्या डब्यात त्याला खिडकीशी बसवायचा आणि स्वतः दाराजवळ उभा राहायचा. पासाचे पैसे एकदा पुढे केले तर म्हणाले, "मी माझ्या कामाला जातो." कसलं काम, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शेक संपले, नुसत्या कॅप्सूल सुरू झाल्या. अठ्ठावीस दिवसांतून पाच दिवस. तिसऱ्या खेपेपासून मी स्वस्त कंपनीच्या आणल्या. डॉक्टरांना विचारूनच आणल्या, तरी पुढच्या एमआरआयमध्ये गाठ परत दिसली तेव्हा मी मनाशी हिशेब मांडला: वाचवलेले इतके रुपये, आणि भाऊ.

हे मी फक्त नानांना बोललो. ते परळच्या एका मिलच्या रंगखात्यात होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली आणि इकडे आले. औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, मग डोक्यातच का अडतं, हे त्यांनी टाटात बसल्या बसल्या एका तरुण डॉक्टरला विचारून ठेवलं होतं. डॉक्टरने त्यांना पॉल एर्लिखची गोष्ट सांगितली. १८८५ च्या सुमाराला त्याने जनावरांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच. एर्लिखला वाटलं, मेंदूला रंग चढतच नाही. १९१३ मध्ये त्याच्याच शिष्याने, गोल्डमनने, रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला, तर मेंदू रंगला आणि बाकीचं अंग कोरं राहिलं.

"म्हणजे बघ," नाना म्हणाले, "रंग चांगला, कापड चांगलं. मधे कोणीतरी अडवतंय."

अडवतात त्या मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी. एकमेकींना अशा चिकटलेल्या की मधून फट नाही, आणि चुकून आत आलेलं औषध परत रक्तात फेकणारे पंपही त्यांच्यात असतात. गाठीच्या मध्यावर ही भिंत फुटलेली असते, म्हणून तर एमआरआयच्या इंजेक्शनने तो भाग उजळतो. पण कडेच्या पेशी चांगल्या दिसणाऱ्या मेंदूत शिरून बसलेल्या, शाबूत भिंतीच्या आड. गाठ तिथूनच पुन्हा उगवते.

टेमोझोलोमाइडचा रेणू लहान, तो पलीकडे जातो, पण थोडाच. जाऊन तो गाठीच्या डीएनएवर एक खूण चिकटवतो, ज्याने पेशी मरावी. काही गाठींमध्ये एमजीएमटी नावाचं प्रथिन ती खूण उपटून काढतं. भावाच्या तपासणीत ते जोरात निघालं होतं. कागद पहिल्या महिन्यापासून माझ्या फाइलमध्ये होता. वाचून दाखवला तो नानांनी, त्या डॉक्टरकडून अर्थ लावून घेऊन. "आपण रंगवायचं आणि मागून एकजण धूत बसलाय. महागड्या डब्यातला रंग तरी काय करणार?"

२००५ साली छापून आलेल्या चाचणीत हे औषध शेकाबरोबर देऊन पाहिलं, तेव्हा निम्मे रोगी १४.६ महिन्यांच्या पुढे गेले. नुसत्या शेकावर तोच आकडा १२.१ होता. भाऊ सोळा महिने काढून गेला.

नानांच्या त्या 'कामा'चं मला फार उशिरा कळलं, त्यांच्या दिवसकार्याला, त्यांच्या मुलाकडून: दोष माणसाला द्यायच्या आधी रंग का चढला नाही ते शोधायचं. मिलमध्ये एकदा नानांच्या हातचा अख्खा माल फिका निघाला. रंग चोरला असं साहेबाने ठरवलं, आठ दिवसांची हजेरी कापली. पुढे कळलं, पाणी जड होतं, त्यात रंग फाटत होता. कापलेली हजेरी काही परत मिळाली नाही.