माळ्यावरचे दिवे

मामंजींचा शहापूरचा फोटो-स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. खुर्ची गेली, मागचा पडदा गेला. पण फ्लॅशचे दोन मोठे दिवे जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर होते. यंदा मुरबाडला नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं आणि मामंजींनी जाहीर केलं, "घरच्यांचा फोटो माझ्याच दिव्यावर निघेल."

दिवे उतरवले. एक लागला, दुसरा ढिम्म. आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी प्लग काढला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि "आई, करंट बंद केलाय, घाबरू नकोस," असं मलाच बजावलं. दोन स्क्रू निघाले आणि मामंजी ओरडले. एरवी त्यांचा आवाज ओटीवरून स्वयंपाकघरात पोचत नाही; त्या दिवशी शेजारच्या काकू डोकावल्या!

या दिव्यात कपॅसिटरचे डबे असतात. ते तीनशे व्होल्टांहून अधिक दाबाने वीज साठवतात आणि बटण दाबताच काचेच्या नळीत एकदम सोडतात, म्हणून तो लख्ख उजेड. प्लग काढला तरी हा साठा आत राहतो आणि त्याला हात लागला तर जीवही जाऊ शकतो. बिघडलेल्या दिव्याचं भय तर जास्तच, कारण साठा रिकामा व्हायची वाटच बंद असू शकते. मिक्सर, इस्त्री प्लग काढून बिनधास्त उघडणारी मी. इथेही तेच धरून चालले होते. खोटं कशाला बोलू, स्क्रूड्रायव्हर कुठे आहे ते मीच त्याला सांगितलं होतं.

मग मामंजींनी बाहेरून करायचं तेवढं करवून घेतलं. प्लग काढून मागच्या बाजूचा काचेचा फ्यूज पाहिला, जळलेला होता. हे म्हणाले, तार गुंडाळू. "तार लावलीस तर फ्यूजऐवजी पेटी जळेल," मामंजी म्हणाले. तेवढ्याच अँपिअरचा नवा आणून बसवला, तोही लगेच गेला. म्हणजे दोष आतच. तो दिवा तसाच बांधून कल्याणच्या कारागिराकडे पाठवला.

चालणाऱ्या दिव्यालाही लगेच जुंपलं नाही. वर्षानुवर्षं पडून राहिलं की कपॅसिटरच्या आतला पातळ थर कमजोर होतो. एकदम पूर्ण जोर दिला तर तो तापून फुटू शकतो. म्हणून सगळ्यात कमी जोरावर, फ्लॅश न मारता तासभर चालू ठेवला. मग पायरी-पायरीने वाढवत नेलं. मुलगा घड्याळ घेऊन बसला होता. मामंजी त्याच्याशी एक अक्षर बोलत नव्हते.

किन्हवली-सरळगावमार्गे मुरबाडला पोचलो. मांडवात दिवा पुन्हा रडू लागला. तयार झाल्याची खूण यायलाच फार वेळ लागे. त्याआधी फोटो घेतला की काळोखी. मला वाटलं, संपलं. पण मामंजींनी वायर माग काढत पाहिली. लांबलचक, बारीक आणि त्याच वायरवर हॅलोजन नि कूलर! व्होल्टेज उरणार कुठून? शेजारच्या घरातल्या भिंतीवरच्या तीन पिनच्या बोर्डावरून जाड वायर घेतली, वेटोळं पूर्ण सोडवून, आणि दिवा दोन-तीन सेकंदांत तयार होऊ लागला.

फोटो निघाला. विहीणबाईंचे डोळे मिटलेत, बाकी छान आहे.

निघताना प्लग काढून टेस्टचं बटण दाबायचं काम मामंजींनी नातवाला दिलं. सकाळपासूनचं त्याच्याशी ते पहिलं बोलणं. स्क्रूड्रायव्हर मात्र मी कपाटात कुलुपात ठेवलाय.