आधी नळी बघ

माझं घर निपाणीचं, आजोळ खानापूर तालुक्यातलं. आजोबांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची. आजोबा बहुतेक वेळा नुसता बार काढायचे. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची. मासेमारीच्या जाळ्याची जुनी वजनं वितळवून ते कधीमधी गोळ्याही ओतायचे. शिसं ३२७ अंशांना वितळतं हे मला पुढे शाळेत कळलं. ओतताना पोरांनी चुलीपाशी फिरकायचं नाही, हे त्याआधीच.

आता अमेरिकेत मी रविवारी रेंजवर जातो. माझं पिस्तूल चौथ्या पिढीचं ग्लॉक १७. ऑफिसातल्या मित्राने घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांची काडतुसं भरून शंभराचा डबा दिला. फुकटचा माल! फोनवर मामांना कौतुकाने सांगितलं. मामा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले.

"नुसतं शिसं?" मामा म्हणाले. "पलटणीत आमच्या गोळीला वरून तांब्याचं कवच असायचं. आधी नळी बघ, बाळा. खाचा कशा आहेत?"

पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, नळी काढून उजेडाकडे धरली. खाचा नव्हत्याच! नेहमीच्या नळीत धारदार कडांच्या खाचा पीळ घेत जातात, गोळीला पकडून फिरवतात. माझ्या नळीचा पोकळ भाग गोलसर कोपऱ्यांच्या षटकोनासारखा, पीळ दिलेला. कल्पना जुनीच, इंग्लंडच्या व्हिटवर्थने १८५०च्या दशकात षटकोनी नळीची रायफल केली होती. कवचाची गोळी अशा नळीत छान बसते, नळी साफ करणंही सोपं. पण उघडं मऊ शिसं नळीला थरावर थर चिकटू शकतं. वाट अरुंद होते, मागचा दाब वाढतो आणि नळी फुटू शकते, तीही हातात. कथील आणि अँटिमनी मिसळून शिसं कडक करून, वरचेवर नळी साफ करून काहीजण बिनघोर वापरतात. पण थर किती साचला, हे गोळी झाडताना बाहेरून कळत नाही. कवच नसलेल्या शिशाच्या गोळ्या वापरू नका, असं ग्लॉकच्या पुस्तिकेतही आहे. मी ती उघडलीच नव्हती.

डबा मित्राला परत केला. त्याच्या पिस्तुलाची नळी खाचांची आहे, त्याला चालतात. मी कवचाच्याच गोळ्या विकत घेतो. शिशाची धूळ रेंजवर असतेच, म्हणून घरी आल्यावर हात धुऊन, कपडे बदलूनच लेकीला उचलून घेतो.

आजोबांची नळी गुळगुळीत होती. गोळी ते चिंधीत गुंडाळून ठासायचे, आणि बार काढलेल्या रात्री कितीही उशीर झाला तरी गरम पाण्याने नळी धुतल्याशिवाय जेवायला बसायचे नाहीत. ती चिंधी कशासाठी, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

आता दर रविवारी मामांचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला: "नळी साफ केलीस?"