दुरुस्तीनंतरचें दुखणें

बंद पडलेल्या यंत्राची मला फारशी भीति वाटत नाहीं. दुरुस्त होऊन आलेल्या यंत्राची वाटते. बिघडलेलें यंत्र निदान आपला बिघाड लपवीत तरी नाहीं. दुरुस्त झालेलें मात्र पैसे चुकते होईपर्यंत शहाण्या मुलासारखें वागतें, आणि पहिल्याच चौकांत लाल दिवा लागतांच मान टाकतें.

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी इंजिनाचें हेड उतरवून, व्हॉल्व्ह घासून परत आली ती अशीच. कुर्ल्याच्या कारखान्यांतली ही जात आतां दुर्मिळ झाली आहे; मुंबईच्या टॅक्सींतूनही ती 2023 च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. पण अण्णांनीं ती 1986 सालीं घेतली, आणि डोळे अधू झाल्यावरही रविवारीं तिच्यांत बसून गांवांतून एक फेरी मारल्याखेरीज त्यांचा आठवडा संपत नाहीं. आतां ती रस्त्यावर सुरेख धांवे, पण उभी राहिली कीं थरथरे आणि विझे. मिस्त्रींच्या भाषेंत ती ‘स्लो’ घेईना. धाकटा भाऊ म्हणाला, “अण्णा, आणखी एकदां भर चौकांत बंद पडली, तर मी भंगारवाल्याला बोलावणार. तुमच्या मिस्त्रींचेही हात आतां थकले आहेत.” अण्णा कांहींच बोलले नाहींत. त्यांना दुसरें वाक्यच अधिक लागलें असावें.

पुण्यांत सल्ल्याचा दुष्काळ पडल्याचें ऐकिवांत नाहीं. एकानें कॉइलवर बोट ठेवलें, दुसऱ्यानें हल्लींच्या पेट्रोलांतल्या 20 टक्के इथेनॉलवर. तिसऱ्यानें तर कार्बुरेटरच नवा घ्यायला सांगितलें. मिस्त्री आले ते मात्र कशालाही हात न लावतां बराच वेळ नुसते ऐकत राहिले.

“पेच फिरवून वेग थोडा वाढवा ना,” भाऊ म्हणाला.

“वाढवतां येईल, साहेब. दुखणें झांकेल, जाणार नाहीं.”

मग त्यांनीं चोक किंचित् ओढला. थरथर थांबली. आंत ढकलला, पुन्हां सुरू. एवढ्यानें अर्धा शोध लागला. चोक हवा अडवून पेट्रोलाचें प्रमाण वाढवतो. तेवढ्यानें इंजिन सुधारतें, तर त्याला हवा जास्त होत असली पाहिजे किंवा पेट्रोल कमी पडत असलें पाहिजे. 1 भाग पेट्रोलास वजनानें सुमारें 15 भाग हवा हें त्याचें पथ्य. मिस्त्रींनीं स्लोचा जेट काढून उजेडाला धरला, भोंक स्वच्छ. उरली चोरटी हवा. इंजिन मंद चालतें तेव्हां कार्बुरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते, आणि तिच्यापलीकडे इंजिनाची ओढ फार प्रबळ असते. अशा वेळीं केसाएवढी फटही त्याचा घात करते. रस्त्यावर झडप उघडून हवेचा लोट आंत येऊं लागला, कीं त्या फटीला कोण विचारतो!

तेलाच्या पिचकारीनें ते सांध्यासांध्यावर साबणाचें पाणी सोडूं लागले. कार्बुरेटरच्या पायाशीं, मागच्या नटापाशीं, फेस आंत ओढला गेला आणि इंजिनाचा सूर बदलला. अण्णांनीं तो आमच्या आधीं ओळखला. कार्बुरेटर उतरवून बुडाला पोलादी पट्टी लावली, तों पट्टीखालून उजेड दिसला. नट वाजवीपेक्षां जास्त आवळल्यानें बूड वांकलें होतें.

“हे नट पोरानें आवळले का?” अण्णांनीं विचारलें. मिस्त्रींचा नातू पान्हा घेऊन बाजूला उभा होता. त्याचे कान लाल झाले.

“मीच आवळले, अण्णा. माझ्या दुकानांतले सगळे नट मीच आवळतों.”

कांचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांनीं तें बूड नातवाकडूनच तासभर घासून घेतलें. नवें पॅकिंग बसलें, दोन्हीं नट आळीपाळीनें थोडे थोडे आवळले गेले, आणि स्लोच्या पेचाला सर्वांत शेवटीं हात लागला. मजुरी त्यांनीं घेतली नाहीं. पॅकिंगचे पैसे तेवढे मोजून घेतले.

रविवारीं स्वारगेटच्या चौकांत भाऊ मागें बसून घड्याळ पाहत होता. इंजिन संथपणें चालत राहिलें. भंगारवाल्याचा नंबर मात्र त्यानें अजून पुसलेला नाहीं.